दरबारी बैठक

राजवाडा बघायला अजून माणसं येतात. घाटावरून येतात, मुंबईहून येतात, गणपतीपुळ्याचं दर्शन उरकलं की वाट वाकडी करतात आणि आमच्या फाटकापाशी थांबून विचारतात, "आजी, तो ब्रह्मदेशच्या राजाचा राजवाडा कुठे हो?" मी त्यांना खाली खाडीची वाट दाखवते. खाडीही बघण्यासारखी आहे. चढ चढून घामाघूम होऊन परत येईपर्यंत त्यांची इतिहासाची हौस निम्मी झालेली असते. नातसून माझ्यावर चिडते. चिडू दे. माझ्या वयाच्या बाईला एवढा खोडसाळपणा माफ असावा.

त्या राजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला त्याच्या राजधानीतून उचललं, बोटीत घातलं आणि आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे त्याच्यासाठी टेकडीवर लाल चिऱ्याचा मोठा राजवाडा बांधला. त्यात तो थोडी वर्षं राहिला आणि मेला. घरची माणसं परत गेली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा राजवाडा बंद असे आणि आत वटवाघळं नांदत. गावाला मात्र राजाचा अभिमान होता. जिवंत होता तोवर त्याच्या नावानं नाकं मुरडणारे लोक तो मेल्यावर 'आमचा राजा' म्हणू लागले, असं माझी सासू सांगे. सासू थोडक्यात बोलायची आणि खरं बोलायची, म्हणून घरात तिचं कोणी ऐकत नसे.

अभिमान बाळगणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या मामंजींचा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आंब्याची बाग राखून असलेले, आणि इतिहासाचं वेड. संध्याकाळी ओटीवर त्यांची मंडळी जमे. मामंजी काठीनं अंगणात त्या दूरच्या राजधानीचा नकाशा काढत. हा चौकोनी तट, हा भोवतीचा खंदक, ही सोन्याचा मुलामा दिलेली सभा, हे सागवानी खांब. रत्नागिरी सोडून ते पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते, पण त्या नगरीतली कुठली वेस कुठल्या बाजूला उघडते ते त्यांना तोंडपाठ होतं. आपल्याच बागेतला मांगर, म्हणजे राखणदाराची खोपी, कुठल्या बाजूला गळतो ते मात्र त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही. त्या मांगरात राजाची बाय राहायची. माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

बाय म्हणजे राजाच्या माणसांबरोबर बोटीतून आलेली एक मुलगी, आता म्हातारी झालेली. राजाकडे ती हंडे-पातेली घासायची. राजवाड्याच्या बागेत काम करणाऱ्या इथल्याच एका माळ्याशी तिनं लग्न लावलं, म्हणून बाकीचे परत गेले तेव्हा ती राहिली. पुढे तो माळी आमच्या बागेत राखणदार झाला आणि मेला. मग राखणीचं काम तिनंच धरलं. गालाला चंदनासारखं काहीतरी पिवळट फासायची, जाड विडी ओढायची, आणि गोफण अशी फिरवायची की वांदर आमची बाग सोडून शेजारच्या वकिलाच्या बागेत जायचे. वकील येऊन भांडून जायचे. मला ते भांडण ऐकायला फार आवडे.

तिची एक खोड होती. जवळा मिठात मुरवून, उन्हात ठेवून, पुन्हा कुटून त्याचा लगदा ती मडक्यात भरून ठेवी. तो वास वाऱ्यावर आमच्या देवघरापर्यंत यायचा. मामंजी शंख-घंटा करताना नाकावर उपरणं धरीत. पण तिला ते हाकलत नसत, कारण पाहुण्याला दाखवायला ती होती. "आमच्याकडे प्रत्यक्ष राजाच्या दरबारातली बाई आहे बरं का," असं ते सांगत. दरबारातली! मोरीतली म्हणाले असते तर खरं झालं असतं.

आता छपराचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं होतं. आमच्याकडे मांगराला दरसाल शाकारावं लागतं. जुनं काड काढायचं, नवा पेंढा घालायचा, वर झावळ्या बांधायच्या, आणि हे सगळं मृग लागायच्या आत. रीत अशी की पेंढा मालकाचा आणि हात राखणदाराचे. राखणदाराला दुसरी मजुरी ती काय, खायला थोडं भात आणि डोक्यावर छप्पर. माळी जिवंत होता तोवर तो मामंजींकडून पेंढा भांडून घ्यायचा. तो गेल्यावर दरसाल काड कमी होत गेलं. म्हातारी एकटी, वर चढणार कोण, असं म्हणून मामंजी जुन्यावरच चार मुठी टाकायला सांगत. मी आले त्याआधीची तीन-चार वर्षं हे चाललं होतं. छप्पर काळं पडून कुजलं होतं. आतून वर पाहिलं की आंब्याची पानं दिसायची.

त्या वर्षी चैत्रातच बाय ओटीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"मास्तरानु, यंदा पुरता पेंढा द्या. माजा छप्पर नाय ऱ्हायला. औंदाचा पावसाळा मी नाय काढनार."

मामंजी त्या दिवसांत फार खुशीत होते. मुंबईहून कोणी एक बडा साहेब येणार होता, आणि मंडळींनी त्याच्यासाठी राजवाड्याचा दिवाणखाना उघडायची परवानगी काढली होती. मामंजींचं भाषण होतं, राजाच्या राजधानीवर. ते म्हणाले, "पेंढा देतो. गाडीभर देतो. पण त्या दिवशी तू राजवाड्यात येऊन बसायचंस. साहेब विचारील त्याला उत्तर द्यायचंस."

"मला काय इचारनार तो?"

"राजधानीचं. सिंहासनाचं."

बाय माझ्याकडे बघून हसली. मी दारात तांदूळ निवडत होते. म्हणाली, "सिंव्हासन कुनी बघितलानी? मी तवे घासलंय, वैनी." पण ती यायला कबूल झाली. छपरासाठी ती कुठेही जाऊन बसली असती.

त्यानंतरच्या दिवसांत मी तिला मुद्दाम विचारलं, की तुझं ते शहर होतं तरी कसं. ती गोफणीची दोरी वळत बसली होती. तिनं सांगितलं ते मामंजींच्या नकाशात कुठेच नव्हतं. तट होता, खरं. लाल, उंच, आणि खंदकात कमळंही होती. "पन त्या भिंतीच्या आत राजा, नि भाएर आमी." बाहेर बांबूची घरं, काडाची छपरं. कोरीव लाकूड आणि सोन्याचा मुलामा तिच्यासारख्यांना मना. एकदा राजाच्या कुणा सरदाराचे हत्ती जायचे होते म्हणून वाटेवरची घरं मोडली, त्यात तिच्या बापाचं मोडलं. त्यांनी ते मागे सरून पुन्हा बांधलं. मग गोरे सोजीर आले आणि त्यांना तिथे कवायतीला जागा हवी झाली. पुन्हा मोडलं. "सोन्याचा गाव गो, सोन्याचा. आमच्या वाट्याला धूर नि चिखल." हे ती न रागावता सांगत होती. राग मला येत होता. आमच्या ओटीवर रोज संध्याकाळी त्याच गावाचं सोनं उधळलं जायचं आणि चिखल कोणाच्या तोंडून निघायचा नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. दिवाणखाना झाडून घेतला होता तरी वटवाघळांचा वास जात नव्हता. समोर राजाची तसबीर, तिला हार. साहेबाला मखमली खुर्ची. बायकांची सोय एका बाजूला चिकाच्या पडद्याआड होती. बायला कोणाचं तरी जुनं रेशमी पातळ लुंगीसारखं गुंडाळलं होतं, आणि तिच्यासाठीही एक खुर्ची ठेवली होती.

ती खुर्चीवर बसली नाही. खुर्चीकडे तिनं एकदा पाहिलं, मग तिच्या शेजारी जमिनीवर बसली. बसली म्हणजे आवळून घेतलं तिनं स्वतःला. गुडघे पोटाशी, टाचा अंगाखाली ओढलेल्या, दोन्ही हात पायांभोवती, मान एका बाजूला झुकवलेली. एका फरशीवर मावली ती, दुसऱ्या फरशीला पातळाचा काठसुद्धा लागला नाही.

मामंजींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पाहा! पाहा ही बैठक! ही दरबारी बैठक आहे. राजाच्या तसबिरीसमोरसुद्धा ती पाय पसरत नाही. अंग चोरून, मान कलती ठेवून, राजाच्या नजरेसमोर आपली कमीत कमी जागा व्यापायची, ही त्या दरबाराची रीत. इतक्या वर्षांनी, इतक्या दूर, ही रीत तिच्या अंगात जशीच्या तशी आहे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी तेच इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान पुढे काढून बायकडे बघितलं, जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघावं तसं. पडद्याआडच्या बायकासुद्धा "अगो बाई, काय शिस्त!" म्हणाल्या. सगळ्यांबरोबर मलाही ते खरंच वाटलं. दुसरं काही वाटायला मला तोवर कारण नव्हतं.

मग साहेबानं सिंहासनाबद्दल विचारलं. मामंजींनी ते बायला मराठीत विचारलं.

बाय म्हणाली, "सिंव्हासन मी नाय बघितला. राजाच्या घराचा छप्पर चांगला होता, गळत नव्हता." आणि तसबिरीकडे नाही, मामंजींकडे वर बघून पुढे म्हणाली, "मास्तरानु, माज्या छपराचा काय? मिरग जवळ आला."

मामंजी साहेबाकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, राजाच्या महालासारखं छप्पर साऱ्या जगात नव्हतं."

माझे वडील राजापूरला मास्तर होते. त्यांनी मला हौसेनं तीन यत्ता इंग्रजी शिकवलं होतं. मला साहेबाचं बोलणं सगळं कळत नसे, पण मामंजींचं इंग्रजी शब्दन् शब्द कळायचं. मी पडद्याआडून मोठ्यानं म्हटलं, "मामंजी, ती आपल्या मांगराच्या छपराचं विचारत्येय."

शेजारच्या बाईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा डाग राहिला. मामंजी हसले. ते साहेबाला म्हणाले, की आमच्या घरातल्या स्त्रियांनासुद्धा इतिहासाची मोठी गोडी आहे. साहेबानं पडद्याच्या दिशेनं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी अजून त्याला माफ केलेल्या नाहीत.

पेंढा आला नाही. आधी मामंजी म्हणाले, आंब्याच्या आढ्या घालून होऊ देत. मग म्हणाले, गुरांना उरायला नको का. मग म्हणाले, गवळ्याकडून गाडी येणार आहे. बाय रोज सकाळी पायरीशी येऊन उभी राहायची आणि रिकाम्या हातानं परत जायची. माझे यजमान मे महिन्यात मुंबईहून आले होते, त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "बाबांच्या कामात आपण कशाला?" आणि बोट धरून मुंबईला गेले. मिठाची गुळणी धरण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

आमच्या माडीवर एक खोली आढीची होती. पेंढ्याचा जाड थर, त्यावर ओळीनं आंबे, वर पुन्हा पेंढा. त्यातली एक आढी खास साहेबाला मुंबईला पाठवायच्या पेट्यांसाठी होती, निवडक फळांची. मामंजी दिवसातून दोनदा वर जाऊन त्या आंब्यांना हात लावून बघत. एका दुपारी ते बाहेर गेले असताना मी वर गेले. साहेबाच्या आंब्यांखालचा आणि वरचा सगळा पेंढा काढला, आंबे उघड्या जमिनीवर ठेवले, आणि भारे बांधून मागच्या जिन्यानं मांगराकडे नेले. सासूनं मला बघितलं. तिनं मागचं दार उघडून धरलं आणि म्हणाली, "लवकर ने."

बाय शिडीवर आणि मी खाली, असं आम्ही ते छप्पर शाकारलं. निम्मंच झालं. आढीतला पेंढा तो किती असणार! पश्चिमेची बाजू झाकली, पूर्वेची तशीच राहिली. आंब्यांचा वास होता त्या काडाला. बाय हसून म्हणाली, "माजा छप्पर आता पिकनार गो."

आंबे खालून दबले आणि डागाळले. मामंजींचा संताप गल्लीनं ऐकला. "साहेबांचे आंबे! साहेबांचे!" असं ते ओरडत होते. मला माहेरी पाठवायची भाषा झाली. मी म्हटलं, पाठवा, पण आधी पूर्वेच्या बाजूचा पेंढा द्या. त्यांनी आढीच्या खोलीला कुलूप लावलं आणि माझ्याशी बोलणं सोडलं. त्या दिवशी सासूनं मला पानावर दोनदा तूप वाढलं.

आषाढात बाय बागेत दिसेनाशी झाली. आंबे संपले होते, राखायला काही नव्हतं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मी डोक्यावर इरलं घेऊन, पेजेचा टोप झाकून मांगरात गेले.

पूर्वेकडून पाणी आत येत होतं. पश्चिमेची बाजूही वाऱ्यानं उचकटली होती. जमीन सगळी चिखल. एका अंगाला मडकं लावलं होतं, दुसऱ्या अंगाला पत्र्याचा डबा, दोन्हीत वरून पाणी पडत होतं. त्या दोहोंच्या मधे हातभर कोरडी जमीन होती आणि तिथे बाय बसली होती. गुडघे पोटाशी, टाचा अंगाखाली, हात पायांभोवती, मान कलती, कारण मानेच्या दुसऱ्या बाजूला थेंब पडत होता.

मी दारातच थांबले. मला ती बैठक ओळखू आली.

"बाय, दरबारात अशाच बसायच्यात का गो तुम्ही?"

ती खोकली, मग हसली. "दरबारात आमाला कोन घेतंय! मोरीत काय असा अंग आवळून भांडी घासतात? हंडे पाय पसरून बसून घासायचे." मग तिनं कोपरानं त्या कोरड्या जमिनीकडे दाखवलं. "सुकी जागा येवडीच हाय. घोव गेला तवापास्नं पावसाळ्यात अशीच बसतंय. आता बसला की पाय लांब होतच नायत. तुमच्या त्या खुर्चीवर मी बसनार कशी? पाय खाली सोडवत नायत मला."

मी टोप तिच्या हातात दिला आणि धावत घरी आले. चार आठवडे न बोललेल्या मामंजींसमोर ओटीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांची मंडळी बसली होती, ती असतानाच सांगितलं. ती दरबाराची रीत नव्हे, आपल्या गळक्या मांगराची रीत आहे, ती आपणच तिला शिकवली.

मामंजी रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे पानाला चुना लावला आणि मंडळींना म्हणाले, "त्या बिचारीला काय कळणार? या गोष्टी रक्तात असतात. आपण कसे बसतो हे माणसाला स्वतःला कधी माहीत नसतं." मंडळींनी माना डोलावल्या. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या ओटीवर कळलं. मी आणि सासूनं तिला गोठ्यात आणून ठेवलं, गाईच्या शेजारी, कोरड्यात. मामंजींनी त्याकडे कानाडोळा केला, एवढं पुण्य त्यांच्या नावावर लिहायचं तर लिहा. पण खोकला छातीत बसला होता. श्रावणात ती गेली. न्यायला शेजारच्या वाडीतले चौघे कुळवाडी आले. तिला आडवं करताना त्यांनी तिचे पाय सरळ करायचा प्रयत्न केला, मग एकजण म्हणाला, "ऱ्हाव दे, नाय व्हत," आणि तिला तशीच उचलली.

पुढच्या वर्षी मुलींच्या शाळेत कार्यक्रम होता. मामंजींनी 'राजाचा दरबार' असा देखावा बसवला. सोनेरी कागदाचे खांब होते. पडदा उघडला तेव्हा रेशमी परकर नेसलेल्या मुली दोन ओळींत बसलेल्या होत्या, गुडघे पोटाशी, टाचा अंगाखाली, हात पायांभोवती, मान एका बाजूला कलती. मामंजींनी ती बैठक त्यांच्याकडून महिनाभर घोटून घेतली होती. एक मान चुकली नव्हती. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या शेजारी सासू होती. ती उठली, म्हणून मीही उठले.

आम्ही मागच्या दारानं निघालो तेव्हा पडदा पडला होता. मुली "मेले गो, मुंग्या आल्या" म्हणत उठल्या, पाय झटकले आणि धावत सुटल्या.